उभ्याने काढलेला फोटो

दर वर्षी हापूसचा हंगाम भरात आला की आमच्या एक्स-रे विभागात आंब्यावरून पडलेली माणसे येऊ लागतात. कोणी झेला लांबवताना तोल जाऊन पडलेला असतो, कोणाच्या पायाखालची फांदी मोडलेली असते, तर कोणी शिडीसकट खाली आलेला असतो. त्याच दिवसांत पावसाळ्याआधी कौले चाळायला चढलेलेही पडतात, आणि नारळ-सुपारीवरून पडणाऱ्यांना तर हंगामच नसतो. माणूस उंचावरून टाचांवर किंवा बैठकीवर आपटला की धक्का सरळ कण्यातून वर चढतो आणि बहुतेक वेळा एकाच ठिकाणी आपला राग काढतो. ते ठिकाण म्हणजे छातीचा शेवटचा आणि कमरेचा पहिला मणका. आपल्याकडच्या रिपोर्टांत हे मणके ‘डी-१२’ आणि ‘एल-१’ असे लिहिलेले असतात. याच्या वरचा कणा बरगड्यांच्या पिंजऱ्याने घट्ट धरलेला असतो आणि खालचा कमरेचा कणा मोकळेपणाने वाकतो. ताठ आणि लवचीक यांची गाठ जिथे पडते, तिथेच मोडण्याचे प्रमाण सर्वांत जास्त असते.

या विभागात तंत्रज्ञ म्हणून मला १९ वर्षे झाली. मोडलेल्या मणक्यांचे किती फोटो काढले असतील त्याची मोजदाद नाही. तरीही या विषयावर लिहावेसे वाटले ते त्यांतल्या एकाच माणसामुळे, आणि तो माणूस म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दादा घरामागच्या कलमावरून पडला. तेव्हा तो ५२ वर्षांचा होता. उंची फार नव्हती, पण तो बैठकीवर आपटला. त्याला ज्या रुग्णालयात नेले तिथे सगळे व्यवस्थित झाले, हे आधी सांगते. त्याला फळीवर निजवून आणले, ओंडका वळवावा तसे चौघांनी एकदम कुशीवर वळवून पाठ तपासली, पायांची ताकद आणि स्पर्शाची जाणीव पाहिली, लघवी होते का ते पाहिले, आणि सीटी स्कॅन केला. एल-१ मणक्याचा ‘बर्स्ट फ्रॅक्चर’ होता, म्हणजे मणक्याचे शरीर पुढून नुसते चेपले नव्हते, तर फुटून त्याची मागची भिंतही थोडी आत सरकली होती. मज्जारज्जू साधारण याच पातळीवर संपतो, त्यामुळे आम्ही सगळे पायांकडेच डोळे लावून होतो, पण दोन्ही पाय सुरक्षित होते. दुसऱ्या दिवशी एमआरआय झाला. कण्याच्या मागच्या बाजूच्या अस्थिबंधांना, म्हणजे मणक्यांना एकमेकांशी बांधणाऱ्या पट्ट्यांना, इजा झाल्याचा संशय आहे, परंतु ते पूर्ण तुटल्याचे दिसत नाही, असे त्यात लिहिले होते. मोडलेल्या जागी कणा किती पुढे झुकला आहे तो कोन ८ अंश भरला. शस्त्रक्रिया न करता टेलर ब्रेस, म्हणजे पाठ ताठ धरणारा पट्टा, लावून उपचार करायचे ठरले आणि दहाव्या दिवशी दादा घरी गेला.

तीन आठवड्यांनी फोटो काढायचा होता. दादा म्हणाला की परक्या ठिकाणी नको, तुझ्याकडेच काढू. वहिनी त्याला भाड्याच्या गाडीतून दोन तास प्रवास करून आमच्याकडे घेऊन आली. गाडीतून उतरतानाच त्याचा चेहरा पांढरा पडला होता. चिठ्ठीवर कमरेचा एक्स-रे, समोरून आणि बाजूने, एवढेच लिहिले होते. तो उभ्याने काढायचा की झोपवून, याचा उल्लेख नव्हता. मी दादाला टेबलावर झोपवले, हळूच कुशीवर केले आणि फोटो काढला. त्याला त्रास होऊ नये म्हणून मी तसे केले, आणि त्या दिवशी मी प्रेमाने वागले असेच मला वाटत होते. कोन ९ अंश आला. आधीचा फोटो झोपलेला, आताचाही झोपलेला, आणि दोहोंत फरक एका अंशाचा. एवढा फरक तर मोजणाऱ्याच्या हातानेही पडतो. फोटो पाहून डॉक्टर म्हणाले की छान जुळते आहे.

सहाव्या आठवड्यात वहिनीचा फोन आला. आंघोळीला जाताना पट्टा काढला आणि दादा न्हाणीघराच्या दारात उभा राहिला की त्याचा सदरा मागून वर उचलला जातो, असे ती सांगत होती. पूर्वी असे होत नव्हते. दोघांनाही यायला सांगितले. या वेळी दादाला मी छातीचे फोटो काढायच्या स्टँडसमोर उभे केले आणि बाजूने फोटो काढला. मग कोन मोजला, आणि चूक झाली असेल असे वाटून पुन्हा मोजला. तो २३ अंश होता. त्यानंतर पाचच मिनिटांनी त्याला टेबलावर झोपवून दुसरा फोटो घेतला, तर मणका पुन्हा बऱ्यापैकी सरळ झालेला दिसला. मणका एकच, दिवस एकच, यंत्र एकच, आणि फोटो मात्र दोन वेगळ्या माणसांचे वाटावेत असे होते. तीन आठवड्यांपूर्वी मी काढलेल्या फोटोत काही खोटे नव्हते. दादा झोपलेला असताना त्याचा कणा कसा असतो हे त्याने अगदी बरोबर सांगितले होते. आम्हाला जाणून घ्यायचे होते ते वेगळेच होते: दादा उभा राहिला, चालला, जेवायला बसला की त्याच्या कण्याचे काय होते?

असे का होते, हे समजायला फार विज्ञान लागत नाही. आपण पाठीवर झोपतो तेव्हा डोके, खांदे, हात आणि छाती यांचे ओझे गादीवर असते, मणक्यांवर नसते. शिवाय पाठीवर झोपल्याने मोडलेला मणका पुढून किंचित उघडतो. पूर्वीचे डॉक्टर मोडलेल्या भागाखाली मुद्दाम उशी सरकवून मणका याच रीतीने बसवत. म्हणजे झोपवणे हाच एक उपचार आहे, आणि आपण उपचार चालू असतानाचा फोटो काढून ‘इजा फारशी नाही’ असा निष्कर्ष काढतो. माणूस उभा राहिला की एल-१ च्या वरचे सगळे शरीर त्या एका मणक्यावर येते, आणि त्या ओझ्याचा मध्य मणक्याच्या थोडा पुढे असतो. म्हणून पुढची बाजू अधिक दबते. पुढची बाजू दबली की धड आणखी पुढे झुकते, ओझ्याचा मध्य आणखी पुढे जातो आणि दाब आणखी वाढतो. हे चक्र थोपवून धरण्याचे काम पाठीमागचे अस्थिबंध लगामासारखे करतात. तेच जर सैल झाले असतील, तर ते झोपलेल्या फोटोत कळत नाही, कारण झोपलेल्या माणसाच्या लगामाला ताणच नसतो.

स्वीडनचे शल्यचिकित्सक आल्फ नाकेमसन यांनी गेल्या शतकाच्या साठ-सत्तरच्या दशकांत जिवंत माणसांच्या कमरेतील तिसऱ्या मणक्याखालच्या गादीत, म्हणजे डिस्कमध्ये, सुई घालून आतला दाब मोजला होता. उभे असतानाचा दाब १०० धरला, तर पाठीवर झोपलेल्या माणसाचा दाब सुमारे २५ येतो आणि पुढे वाकून बसलेल्याचा सुमारे १८५ येतो, असे त्यांच्या मोजमापातून निघाले. पुढे १९९९ मध्ये जर्मनीत एका स्वयंसेवकाच्या कण्यात संवेदक बसवून पुन्हा मोजणी झाली. त्यात सैलसर बसण्याचा दाब नाकेमसन यांच्या आकड्यांइतका जास्त आला नाही, त्याबाबतीत जुने चित्र बदलले, परंतु झोपणे आणि उभे राहणे यांतला फरक कायम राहिला. झोपून ०.१ मेगापास्कल आणि उभ्याने ०.५ मेगापास्कल, म्हणजे पाचपट. ज्या तपासणीत हा पाचपट भार वगळलेला असतो, त्या तपासणीवरून ‘आता उठून फिरायला हरकत नाही’ असे ठरवणे मला आता फार धाडसाचे वाटते.

आश्चर्य असे की शरीराच्या इतर भागांच्या बाबतीत ही गोष्ट आम्ही कधीच विसरत नाही. गुडघ्याची झीज पाहायची असेल तर फोटो उभ्यानेच काढायचा असतो, कारण झोपवून काढला तर सांध्यातली जागा शाबूत असल्याचा भास होतो. तळपायाची कमान पाहायची तर त्यावर भार द्यावाच लागतो. आतडे फुटल्याचा संशय असेल तर रुग्णाला शक्यतो उभे करून किंवा बसवून छातीचा फोटो काढतात, कारण छाती आणि पोट यांमधल्या पडद्याखाली जमलेली हवा तेव्हाच ठळक दिसते. मुलांच्या पाठीचा बाक मोजायचा तर अख्ख्या कण्याचा फोटो उभ्यानेच काढतात. कोनाच्या ज्या मोजणीने मी दादाचा झुकाव मोजला, ती पद्धतही अशाच पाठीच्या बाकासाठी अमेरिकेचे डॉ. जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये मांडली होती. मोडलेल्या मणक्याच्या बाबतीत मात्र पहिल्या दिवसाची भीती पुढच्या सगळ्या फोटोंना चिकटून राहते. पहिल्या दिवशी त्याला हलवायचे नाही हे अगदी योग्य असते, पण तीच सवय सहाव्या आठवड्यापर्यंत चालू राहते.

ती भीती अनाठायी नाही, आणि हे वाचून कोणी उतावीळ होऊ नये म्हणून स्पष्ट लिहिते. ताज्या अपघातात रुग्णाला उभे करून फोटो काढायचा नसतो. आधी झोपलेल्या अवस्थेत सीटी स्कॅन, गरजेप्रमाणे एमआरआय, आणि पायांची व लघवी-शौचाची तपासणी हे झालेच पाहिजे. मणका निखळलेला असेल, मागचे अस्थिबंध तुटल्याचे स्पष्ट असेल किंवा पायांत कमजोरी असेल, तर शस्त्रक्रियेचा निर्णय तिथेच होतो आणि उभ्या फोटोची गरजच उरत नाही. उभा फोटो उपयोगी पडतो तो मधल्या रुग्णांना. २००५ मध्ये अमेरिकेतील डॉ. अलेक्झांडर वक्कारो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भागाच्या अस्थिभंगांसाठी गुण देण्याची एक पद्धत मांडली, आणि ती आपल्याकडेही वापरली जाते. मोड कशी आहे, मागचे अस्थिबंध कसे आहेत आणि मज्जातंतूंना इजा आहे का, या तिन्हींचे गुण मिळवतात. बेरीज ३ किंवा त्याहून कमी आली तर शस्त्रक्रिया टाळतात, ५ किंवा जास्त आली तर करतात, आणि बरोबर ४ आली तर निर्णय डॉक्टरांच्या तारतम्यावर सोडलेला आहे. दादाच्या फुटलेल्या मणक्याचे २ गुण, अस्थिबंधांबद्दलच्या संशयाचे २, मज्जातंतूंचे ०, बेरीज ४. ज्याचा निर्णय काठावर आहे त्याला, पट्टा बांधून, डॉक्टरांच्या परवानगीने एकदा उभे करून पाहणे, यासारखा साधा आणि स्वस्त पुरावा दुसरा नाही.

हे माझे घरचे अनुमान नाही. २००४ मध्ये ‘स्पाइन’ या नियतकालिकात ब्रिटनमधील एका गटाचा छोटासा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. छाती-कमरेच्या सांध्यावर मणका मोडलेले, मज्जातंतू शाबूत असलेले आणि विनाशस्त्रक्रिया उपचारांसाठी निवडलेले २८ रुग्ण त्यात होते. झोपलेल्या फोटोत त्यांच्या कण्याचा झुकाव सरासरी ११ अंश होता, तो उभ्या फोटोत १८ अंश झाला. त्यांपैकी ७ जणांचा, म्हणजे चौघांतल्या एकाचा, उपचार केवळ या उभ्या फोटोमुळे बदलून शस्त्रक्रियेकडे वळला. रुग्णांची संख्या लहान आहे हे मान्य, पण जे मी एका माणसाच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिले, त्याचेच मोजमाप तिथे होते. तो लेख मी दादाच्या शस्त्रक्रियेनंतर वाचला, आणि तो माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवसाच्याही आधीपासून छापलेला होता, या गोष्टीचे मला फार वाईट वाटले.

प्रत्यक्ष फोटो कसा काढायचा याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण माझे काही सहव्यवसायी हे वाचतील. वेगळे यंत्र लागत नाही. छातीचे फोटो उभ्यानेच काढतात, त्यामुळे बहुतेक ठिकाणी भिंतीवरचा स्टँड असतोच. त्याला ग्रिड आहे ना एवढे मात्र पाहावे, कारण कमरेच्या जाडीतून विखुरलेले किरण ग्रिडशिवाय सगळे चित्र धुरकट करतात. उभे राहिल्यावर पोट खाली आणि पुढे येते, त्यामुळे झोपलेल्यापेक्षा किरणांची मात्रा थोडी वाढवावी लागते. किरणांचा मध्य मोडलेल्या मणक्यावरच धरावा. तो खाली कमरेच्या मध्यावर धरला तर एल-१ च्या वरच्या-खालच्या कडा तिरक्या पडतात आणि कोन चुकतो. हात खाली सोडले तर कोपर नेमके डी-१२ वर येते, आणि हात डोक्यावर नेले तर पाठ मागे कलून झुकाव कमी दिसतो. म्हणून हात पुढे करून एखाद्या आधारावर अलगद टेकवावेत. त्यावर भार मात्र देऊ देऊ नये, नाहीतर कण्याचे ओझे हातांनी उचलले जाते आणि फोटो पुन्हा फसवा होतो. गुडघे सरळ आणि नजर समोर असावी.

याच्याही आधीची तयारी महत्त्वाची आहे. वेदनाशामक औषध आधी दिलेले असावे. कित्येक दिवस आडवा असलेला माणूस एकदम उभा केला तर रक्तदाब उतरून त्याला घेरी येते, म्हणून आधी कुशीवरून उठवून पाय खाली सोडून बसवायचे, चार शब्द बोलायचे, चेहऱ्याचा रंग पाहायचा आणि मगच उभे करायचे. दोन्ही बाजूंना एकेक माणूस हवा. पायांत मुंग्या, बधिरपणा, अचानक कमजोरी किंवा पाठीत असह्य कळ आली तर फोटो राहू द्यावा, त्याला झोपवावे आणि डॉक्टरांना बोलवावे. पूर्ण तयारी करूनही वेदनेमुळे माणूस उभाच राहू शकत नसेल, तर तीही नोंद करण्यासारखी बाब आहे. चिठ्ठीवर ‘रुग्णाचे सहकार्य नाही’ असे न लिहिता ‘तीव्र वेदनेमुळे उभे राहता आले नाही’ असे लिहावे, कारण वाचणाऱ्या डॉक्टरांना या दोन वाक्यांतून दोन वेगळ्या गोष्टी कळतात. ज्यांना उभे राहणे अशक्य आहे त्यांचा फोटो बसवून घेता येतो. भार तेव्हाही कण्यावर येतोच.

आणि फोटोवर खूण हवी. डाव्या-उजव्या बाजूच्या शिशाच्या अक्षरांशिवाय फोटो काढणे हे आम्ही पाप समजतो, पण रुग्ण उभा होता की झोपलेला, पट्टा होता की काढलेला, याची खूण कित्येक फोटोंवर नसते. मग पुढचा डॉक्टर एक उभा आणि एक झोपलेला फोटो शेजारी ठेवून ‘मणका दबत चालला आहे’ असे म्हणतो, किंवा माझ्यासारख्या तंत्रज्ञाने काढलेले दोन झोपलेले फोटो शेजारी ठेवून ‘छान जुळते आहे’ असे म्हणतो. चित्रात मणका कसा दिसतो याइतकीच, तो कोणत्या अवस्थेत दिसतो ही माहिती रिपोर्टाचा भाग असली पाहिजे. दादाचा तिसऱ्या आठवड्यातला फोटो मी नंतर पुन्हा काढून पाहिला. त्यावर माझ्या हातची ‘आर’ची खूण आहे, तारीख आहे, नाव आहे, आणि अवस्थेबद्दल एक अक्षरही नाही.

उभ्याने एमआरआय होत नाही का, असे लोक विचारतात. होतो, पण तशी यंत्रे जगातच थोडी आहेत. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील फोनार या कंपनीने असे यंत्र बनवले. त्यात रुग्ण दोन उभ्या चुंबकांच्या मध्ये बसतो किंवा उभा राहतो आणि त्याला पुढे-मागे वाकवूनही चित्र घेता येते. या कंपनीचे संस्थापक रेमंड डमॅडियन यांनीच १९७७ च्या जुलैत माणसाच्या शरीराचा पहिला एमआरआय स्कॅन केला होता, आणि त्या एका स्कॅनला जवळजवळ पाच तास लागले होते. कल्पना उत्तम आहे, पण अडचणी खऱ्या आहेत. या यंत्राचे चुंबक ०.६ टेस्लाचे, तर आपल्याकडच्या नेहमीच्या यंत्रांचे १.५ किंवा ३ टेस्लाचे असते, त्यामुळे चित्राचा बारकावा कमी पडतो. शिवाय मणका मोडलेल्या माणसाने कित्येक मिनिटे न हलता उभे राहणे ही अपेक्षाच कठीण आहे. झोपून केलेल्या एमआरआयमध्ये हाडाच्या आतली ताजी सूज आणि मागच्या अस्थिबंधांची इजा जितकी स्पष्ट दिसते तितकी दुसऱ्या कशातच दिसत नाही, म्हणून त्याला पर्याय शोधण्याचे कारण नाही. त्याच्या जोडीला काही सेकंदांत निघणारा उभा एक्स-रे असला की बहुतेकांचे काम होते. मोठ्या शहरांत ईओएस नावाचे यंत्रही आता कुठे कुठे असते. त्याच्या कोठडीत रुग्ण उभा राहतो आणि समोरून व बाजूने एकाच वेळी डोक्यापासून पायापर्यंतचा फोटो अगदी कमी किरणांत निघतो. त्याचे मूळ फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज शार्पाक यांच्या कणशोधकात आहे. त्या संशोधनासाठी त्यांना १९९२ चे नोबेल मिळाले. अणूच्या पोटात शिरलेले भौतिकशास्त्र फिरून एखाद्या मुलीच्या वाकड्या पाठीपर्यंत येते, हे मला नेहमी विलक्षण वाटते.

आंब्यावरून पडणाऱ्यांइतकीच, किंबहुना जास्तच, मला काळजी वाटते ती म्हाताऱ्या बायकांची. त्या उंचावरून पडत नाहीत. न्हाणीत पाय घसरतो, कळशी उचलताना पाठीत कट्कन होते, किंवा एसटीच्या मागच्या बाकावर खड्ड्याने उसळून आपटतात. हाडे ठिसूळ झालेली असतात आणि तेवढ्यानेही मणका चेपतो. झोपवून काढलेला फोटो जवळजवळ नॉर्मल येतो आणि घरचे म्हणतात, आजींना उगाच दुखण्याचा ध्यास लागला आहे. पण त्यांचे म्हणणे नीट ऐकले तर त्यात निदान दडलेले असते: निजले की बरे वाटते, उठताना आणि कूस बदलताना जीव जातो, उभे राहिले की पुन्हा पाठ भरून येते. जर्मन शल्यचिकित्सक हेर्मान क्युमेल यांच्या नावाने ओळखला जाणारा एक विकार याचेच टोकाचे रूप आहे. त्यात किरकोळ मारानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी मणका आतून ढासळतो आणि हाडात पोकळी तयार होते. झोपल्यावर ती पोकळी उघडते आणि फोटोत हवेची काळी फट दिसते, उभे राहिल्यावर ती मिटते आणि मणका चपटा होतो. एकाच आजीबाईंचे हे दोन फोटो शेजारी ठेवले की उठताना त्यांचा जीव का जातो हे कोणालाही समजते, आणि त्यांच्या सुनेला ते दोन फोटो दाखवल्यावर तिच्या बोलण्यातला सूर बदललेला मी अनेकदा अनुभवला आहे.

दादाची शस्त्रक्रिया कोल्हापूरला झाली. मोडलेल्या मणक्याच्या वर-खाली स्क्रू घालून सळ्या बसवल्या. सहा आठवड्यांत हाड वाकलेल्या अवस्थेतच काहीसे धरले होते, त्यामुळे ते सरळ करायला अधिक वेळ लागला, असे तिथल्या डॉक्टरांनी मला सांगितले. त्यांच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता. मी त्यांना माझा तिसऱ्या आठवड्याचा फोटो दाखवला तेव्हा ते एवढेच म्हणाले, ‘मी चिठ्ठीवर अवस्था लिहिली नसती तर माझ्याकडच्या तंत्रज्ञानेही हेच केले असते.’ तेव्हापासून अवस्था न लिहिलेली कण्याची चिठ्ठी आली की मी फोन उचलते आणि विचारते. सुरुवातीला काही डॉक्टरांना ते आवडले नाही. आता आमच्याकडच्या चिठ्ठीवर त्यासाठी छापील रकाना आहे, आणि शिशाच्या अक्षरांच्या डबीत ‘उभा’ आणि ‘झोपून’ अशा दोन पट्ट्या मी स्वतः कापून ठेवल्या आहेत.

रुग्णांच्या घरच्यांना माझी विनंती आहे. मणका मोडलेल्या माणसाला उठण्या-चालण्याची परवानगी मिळाली की घरी नेण्यापूर्वी डॉक्टरांना नम्रपणे विचारा की पट्ट्यासह उभा फोटो झाला आहे का. झाला असेल तर तो जपून ठेवा, कारण पुढचा प्रत्येक फोटो त्याच्याशीच ताडून पाहायचा असतो, तोही त्याच अवस्थेत काढलेला. साधारणपणे पहिल्या एक-दोन आठवड्यांत, सहाव्या आठवड्यात आणि तिसऱ्या महिन्यात असे फोटो काढतात. नेमके केव्हा ते डॉक्टर सांगतील. कमरेच्या फोटोला छातीच्या फोटोपेक्षा बरेच जास्त किरण लागतात, त्यामुळे मधेच हौसेने काढू नयेत, आणि बाईमाणूस गरोदर असण्याची शक्यता असेल तर ते आधी सांगावे. आणि घरात जो कोणी रोज त्या माणसाला उठताना, उभे राहताना पाहतो, त्याने पाठीचा आकार, सदऱ्याची मागची कड आणि बरगड्या व कंबर यांतले अंतर यांवर नजर ठेवावी.

वर्षभराने दादाचा शेवटचा फोटो मीच काढला, उभ्याने. कोन ११ अंश. आता तो स्वतः झाडावर चढत नाही, खालून गड्यांना सांगतो. त्याचे सगळे फोटो वहिनीने ट्रंकेत ठेवले आहेत. परवा काही कागद शोधायला ट्रंक उघडली तेव्हा पाहिले, तर प्रत्येक पाकिटावर तिने निळ्या शाईने तारीख घातली आहे आणि तारखेपुढे, कोणी न सांगता, ‘उभ्याने’ किंवा ‘निजून’ असे लिहिले आहे.